शनिवारचा शिवणवर्ग

डिंभे,
गुढीपाडवा, ३० मार्च २०२५

चि. सौ. सोनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन बंद, आणि माझ्या फोनला धरणाच्या भिंतीपर्यंत चालत गेल्याशिवाय रेंज येत नाही. तेव्हा आपल्या दोघींना आता पोस्टमनच वाली. फोन का बंद ठेवलास ते भरतनं सांगितलं. समोरचं माणूस बोलायच्या आधीच हुंदके द्यायला लागतं आणि तूच त्याची समजूत काढत बसतेस, हे ऐकून मला तुझं पटलं. पत्रात निदान हुंदका ऐकू येत नाही.

आज तुमच्याकडे गुढी नसणार. आम्हीही उभारली नाही. आपलं लेकरू शेततळ्यात गेलं त्याला येत्या मे महिन्यात वर्ष होईल. इथं जाळी टाकणाऱ्या घरांतली एवढीएवढीशी पोरं दिवसभर पाण्यात असतात आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातात. मला त्यांचा राग येतो. त्यांचा काय दोष, पण येतो.

आमची संस्कृती मंचरला कॉलेजात असल्यामुळे अधूनमधून तुमच्याकडे डोकावते, तिच्याकडून सगळं कळतं. म्हणते, मामी कामं सगळी करते, पण कुणाशी बोलत नाही आणि रडतही नाही. आरोहीची वेणी घालते तीसुद्धा शेजारणीच्या पोरीची घातल्यासारखी. हे वाचून तुला वाईट वाटेल. वाटावं म्हणूनच लिहिलंय.

माझं एक ऐक. मंचरच्या माणिकचंद शेटजींची सून चेतना आपल्या अवसरीत त्यांच्या रिकाम्या बटाट्याच्या गोडाऊनमध्ये वर्ग चालवते. म्हाताऱ्यांना मोबाईल, बायकांना इंग्रजी बोलणं, पोरांना चित्रकला, शिवण, काय काय असतं तिथं. अण्णा पेटी शिकतात म्हणे. माझे वडील सत्तरीत सा रे ग म करतात आणि तू घरात बसतेस! कुठल्याही वर्गाला जा. काही आलं नाही तरी चालेल, चार बायकांत बसून ये.

आरोहीच्या फ्रॉकसाठी पिवळं कापड संस्कृतीबरोबर पाठवते. मागच्या वर्षीच्या मापानं, अंदाजे घेतलंय. शिवून घे.

आशीर्वाद न मागता देते, उत्तर मात्र मागून घेणार.

तुझी,
अंजनाआक्का

*

अवसरी बुद्रुक,
९ एप्रिल २०२५

ती. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कापड मिळालं. रंग चांगला आहे.

इकडे सगळे ठीक. आरोहीचे पप्पा कांदा काढण्यात आहेत. अण्णांची पेटी रोज चालू असते. तीनच सूर येतात, पण ते मन लावून वाजवतात. शेततळं मागंच रिकामं केलं. त्याचा प्लॅस्टिकचा कागद घडी करून गोठ्यामागं ठेवलाय. खड्ड्यात दुपारी शेरडं बसतात.

घरात सगळे मला जपतात. त्याचं नाव कुणी घेत नाही. पाण्याचंही घेत नाहीत. जेवताना हवं असलं तर अण्णा तांब्याकडे बोट दाखवतात. परवा माझ्याकडून आमटीत दोनदा मीठ पडलं. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्लं. आरोहीनं तोंड वेडंवाकडं केलं तर तिला पप्पांनी डोळे वटारले. मी खाल्ली तेव्हा मला कळलंच नव्हतं.

तुम्ही लिहिलंत की मला वाईट वाटावं. आक्का, तुम्हालाच लिहिते, तेच वाटत नाही. मागं दाढ काढली होती तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ओठ माझा राहिला नव्हता. हात लावला की कळायचं, आहे तिथं. तसं आहे. आरोही जवळ येऊन झोपते तेव्हा तिचा हात मी बाजूला ठेवते. राग नसतो. नुसतं जड लागतं.

त्याला पोहायला शिकवायचं म्हणून अण्णांनी पांगाऱ्याची हलकी लाकडं वाळवून बिंडा बांधला होता, तो अजून गोठ्यात खुंटीवर आहे. त्या सुट्टीत पाठीला बांधून विहिरीत उतरायचं ठरलं होतं. त्याला पाणी लागलंच नाही. मी रोज धारेला जाते तेव्हा दिसतो.

वर्गाचं बघते. आपल्याकडून माया तुटू देऊ नये.

आपली,
सोनल

*

मंचर,
१७ एप्रिल २०२५

सौ. अंजनाताई यांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन लागत नाही म्हणून संस्कृतीच्या हाती ही चिठ्ठी देते. डिंभ्याला आले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, आमच्या संस्कृतीला पोहणं शिकवायला घेऊन जा, त्याबद्दल तुमचे आभार किती मानू! वर्ग सुरू झाला आणि छान चाललाय. कुशाबांनी त्यांच्या मळ्यातली पायऱ्यांची विहीर शनिवारी सकाळी आमच्या हवाली केली आहे. ते स्वतः बांधावर आमच्याकडे पाठ करून बसतात आणि मोबाईलवर भजनं लावतात, म्हणजे एखादा पुरुष चुकून आला तर त्याला वाटेतूनच परत पाठवता येतो. पंधरा-वीस बायका आणि त्यांची पोरं येतात. आता गावागावांत शेततळी झाली, त्या कागदावरून पाय घसरला की मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. तुमच्या घरी जे झालं ते दुसऱ्या घरी होऊ नये एवढाच माझा हट्ट आहे.

सोनलताईंच्या कानावर जाऊ नये म्हणून काय करायचं हा प्रश्न होता. माझ्या सासूबाईंनी, कस्तुरबाईंनी, तो सोडवला. आमच्या शिवणाच्या बाई लग्न होऊन आणे गावी गेल्यापासून तो वर्ग बंद होता, फळ्यावर नाव तेवढं राहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, त्याच नावाखाली चालवा. आता सगळं गाव पोहण्याला शिवण म्हणतं. बायका ओल्या केसांनी घरी जाताना हातात कात्री नाहीतर टेप धरतात. कुशाबांनाच फक्त अजून सवय झालेली नाही, ते विचारतात की आज किती जणी शिवून निघाल्या!

भरतभाऊ आरोहीला घेऊन येतात. घरी चित्रकलेचा वर्ग म्हणून सांगतात. कुंडलिक अण्णांनी गोठ्यातला बिंडा काढून दिला. पोरगी धीट आहे. संस्कृती तिच्या पाठीवरचं एकेक लाकूड कमी करत जाणार आहे.

सोनलताई कुठल्याच वर्गाला येत नाहीत, त्यामुळे त्यांना कळायचं कारण नाही. तुम्ही काळजी करू नका.

स्नेह आहे, तो असाच चालू राहो.

तुमची,
चेतना

*

अवसरी बुद्रुक,
२७ एप्रिल २०२५

ती. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

उत्तर मागून घेणार म्हणालात म्हणून लिहिते. नवीन काही नाही.

आरोही शनिवारी चित्रकलेला जाते. येताना केस ओले असतात. पप्पा म्हणाले की रंग डोक्यापर्यंत जातात, म्हणून नळाखाली धुतले. मी बरं म्हटलं. बिंडा खुंटीवर नाही. विचारलं नाही. जिथं गेला तिथं गेला.

तुमचं पिवळं कापड कपाटात तसंच होतं. काल घडी उलगडून बघितली. तुम्ही इतकं सांगितलंत, तेव्हा म्हटलं, शिंप्याकडे टाकण्यापेक्षा आपणच शिकावं. शिवणाला बोलावं लागत नाही, मान खाली घालून बसता येतं. गोडाऊनवर जाऊन फळा वाचला. शिवणवर्ग शनिवारी सकाळी, कुशाबाच्या मळ्यात. मळ्यात का, ते कळलं नाही. असेल काही. तिथल्या बाईंना नाव घ्या म्हटलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या की वर्ग भरला, जागा न्हाई. मी म्हटलं, उभी राहीन.

येत्या शनिवारी जाणार आहे. तुमचं ऐकलं, आता तुम्हाला बरं वाटेल. काही चुकलं असेल तर सांभाळून घ्यावं.

आपली,
सोनल

*

डिंभे,
२ मे २०२५

चि. सौ. सोनल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि उभ्या उभ्याच लिहितेय, एस.टी. गेली तर पुन्हा कधी येईल देवाला ठाऊक. उद्या तू शिवणवर्गाला जाऊ नकोस. शिवण हे काही खरं नाही. डोळे जातात. मान धरते. माझ्या जावेची धरली होती. शिवाय मळ्यात ऊन असतं. तू आपली इंग्रजी शीक, नाहीतर पेटी शीक अण्णांबरोबर. कापड शिंप्याकडे टाक.

का ते विचारू नकोस. मोठी नणंद सांगते म्हणून ऐक. धरणाच्या भिंतीवर जाऊन भरतला फोन लावला तर त्याचा लागत नाही, संस्कृतीचाही नाही. ही चिठ्ठी कंडक्टरच्या हातात देते, तो म्हणतो पोचवीन.

घाईत आहे, आशीर्वाद पुरवून घे.

आक्का

*

अवसरी बुद्रुक,
४ मे २०२५

ती. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

तुमची चिठ्ठी आज सकाळी आली. मी काल जाऊन आले.

पिशवीत कापड, कात्री, टेप, सुईदोरा घेऊन गेले. कुशाबा बांधावर पाठ करून बसले होते, त्यांना मी दिसले नाही. विहिरीतून बायकांचे आवाज येत होते. वरच्या पायरीवर कस्तुरबाई टॉवेल सांभाळत होत्या. मला बघून त्या मोठ्यानं म्हणाल्या की आज मशीन बिघडलंय. कुठलं मशीन, ते त्यांनाही सांगता येईना. मग खालचे आवाज बंद झाले.

मी वाकून बघितलं. सगळ्या ओळखीच्या बायका पंजाबी ड्रेस घालून गळ्याइतक्या पाण्यात. कुणी हलेना. मधे संस्कृती होती, तिच्यापुढं आरोही, आणि आरोहीच्या पाठीवर तो बिंडा. ओला झाला होता, काळा दिसत होता.

मला वाटलं, आता मी ओरडेन. वाट बघितली. काही आलं नाही. पायऱ्या उतरून खाली गेले. संस्कृतीच्या तोंडावरचा रंग उडाला, तिनं आरोहीला पायरीवर आणून उभं केलं. आरोही मला म्हणाली की आम्ही शिवण शिकतोय. तिचे दात वाजत होते. पढवलं होतं तसं ती बोलली, आक्का, आणि मग माझ्याकडे बघत राहिली, मी काय म्हणते ते ऐकायला.

बिंड्याचा नवारीचा पट्टा बघितला तर कडेला उसवला होता. अण्णांची शिवण आहे, दाभणानं घातलेली, किती दिवस टिकणार! मी सुई ओवली, दोरा दुहेरी केला आणि तिच्या पाठीवरच तो शिवला. नवार जाड, सुई जाईना, दगडानं दाबून दाबून घातली. ती हलली नाही. शिवून झाल्यावर ओढून बघितला आणि तिला सांगितलं, जा. ती गेली. मी पायरीवर बसले. कापड तसंच घरी आणलं.

वाटेत सगळ्या माझ्या मागून चालत होत्या. आरोहीच्या पप्पांना रात्री एवढंच म्हटलं, केस नीट पुसून आणत जा, सर्दी होते.

गावानं माझ्यासाठी एवढं खोटं बोलावं असं मी काय केलंय? तुम्हालाही माहीत होतं. राग आलेला नाही, फक्त विचारते.

लोभ असू द्यावा, आणि खरंही लिहीत जावं.

आपली,
सोनल

*

डिंभे,
११ मे २०२५

चि. सौ. सोनल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खरं लिहिते. मला माहीत होतं. चेतना इथं आली तेव्हा संस्कृतीला मीच तिच्याबरोबर पाठवलं. आरोहीला पोहायला शिकवायचं हे भरतनं आणि मी ठरवलं, तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस तर आमची पुढं बोलायची हिंमत नव्हती. तुझी माफी मागावी असं वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा असंच करीन. लपवायचं एवढ्या बायकांनी आणि शेवटी हाती कापड घेऊन तूच दारात उभी, याचं मात्र मला इथं एकटीला बसल्या बसल्या हसू आलं. तोंडावर पदर घेऊन हसले आणि मग तसाच पदर घेऊन रडले. तुझ्या वाटचं सुद्धा मीच रडून घेते असं दिसतंय.

आता मी विचारते ते तू खरं लिही. संस्कृती परवा आली होती. ती म्हणाली, मामी आता स्वतःच पाण्यात उतरते. शनिवारचं सोड, रोज सकाळी कुशाबाच्या मालकिणीला सोबत घेऊन जाते. पाठीला प्लॅस्टिकचा ड्रम बांधते. बाकीच्या बाहेर आल्या तरी ही आतच. ओठ काळेनिळे पडतात, हाक मारली तर ऐकत नाही, कुशाबाची मालकीण हाताला धरून ओढते तेव्हा बाहेर येते.

सोनल, मी पाण्याच्या काठावर राहते. पाण्यात कोण कशासाठी उतरतं ते मी बघितलेलं आहे. तू कशासाठी उतरतेस? आडवळणानं विचारायला मला जमत नाही आणि ही गोष्ट तशी विचारायचीही नाही. मला झोप लागत नाही. तुझ्या मागे ती पोर आहे. भरतला मी अजून काही बोललेले नाही, तुझ्या उत्तराची वाट बघते आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्या रविवारी मी स्वतः येऊन दारात बसेन आणि मग हलणार नाही, तुला माहीत आहे मला.

जीव लावलाय तुझ्यावर, तो जपून ठेव.

तुझी,
अंजनाआक्का

*

अवसरी बुद्रुक,
१८ मे २०२५

ती. आक्का यांस,
सा. न. वि. वि.

आज रविवार. पोस्टानं पत्र तुम्ही निघायच्या आत पोचणार नाही हे माहीत आहे. संस्कृती दुपारच्या गाडीनं तिकडे येतेय, तिच्या हाती देते, म्हणजे वेळेत मिळेल.

तुम्ही सरळ विचारलंत ते बरं झालं, इथं कुणी विचारत नाही. मला मरायचं नाही, आक्का. त्यासाठीसुद्धा काहीतरी वाटावं लागतं. मी पाण्यात उतरते कारण तिथं गार लागतं. वर्षभरात मला तेवढंच एक लागलं. म्हणून आतच थांबायची. बाहेर आलं की पुन्हा काही नाही. कुशाबाच्या मालकीणबाई मला ओढताना शिव्या देतात, लई द्वाड हाईस म्हणतात, तेही ऐकू यायचं पण लांबून.

काल शनिवार होता. सगळ्या होत्या. आता सगळ्या मोकळेपणानं बोलतात, पोहण्याला पोहणंच म्हणतात, पण फळ्यावरचं शिवणवर्ग हे नाव चेतनाताईंनी पुसलेलं नाही. मी पाण्यातल्या खालच्या पायरीवर होते, कमरेइतक्या पाण्यात. आरोहीच्या बिंड्याला एकच लाकूड राहिलं होतं. संस्कृतीनं तिला बोलण्यात गुंतवून तेही मागून सोडून घेतलं. मला दिसलं. आरोहीला कळलं नाही, ती हात मारत मधोमध गेली, तिथं तिच्या मनात काय आलं कोण जाणे, तिनं नाक दाबलं आणि खाली बुडी मारली. वर नुसतं पाणी. हिरवं, सपाट.

आणि मी ओरडले, सार्थक!

माझा आवाज विहिरीनं परत माझ्याकडे फेकला. वर्षभरात ते नाव आमच्या घरात, गावात, कुणी काढलं नव्हतं. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. बांधावरचं भजन बंद झालं. तेवढ्यात आरोहीचं डोकं वर आलं, तिनं तोंडावरचे केस मागं सारले, माझ्याकडे बघितलं आणि ओ दिली. आक्का, तिनं दुरुस्त केलं नाही. दादाच्या नावाला ती ओ म्हणाली आणि हात मारत माझ्याकडे आली.

मी तिला धरलं. मग मला ओरडताच आलं, थांबता येईना. तिला बोलले, संस्कृतीला बोलले, चेतनाताईंना, पांगाऱ्याच्या त्या लाकडाला. पाठीत एक धपाटाही घातला तिला. मग रडले. किती वेळ ते विचारू नका, कस्तुरबाई साडीसकट पाण्यात उतरल्या आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या एवढं आठवतं. डोकं दुखत होतं, घसा बसला होता, पाय दगडावर खरचटला होता तो झोंबत होता. सगळं एकदम दुखायला लागलं. फार दुखतंय, आक्का. आजही दुखतंय. तुम्हाला हेच हवं होतं ना.

संध्याकाळी जेवताना अण्णांनी तोंडानं पाणी मागितलं. मग म्हणाले की सार्थकला त्यांच्या पेटीचं लई हसू आलं असतं. आरोहीचे पप्पा ताटावरून उठून बाहेर गेले, मी त्यांच्या मागं गेले. आम्ही ओट्यावर बसलो. जेवण तसंच राहिलं.

आज सकाळी पिवळं कापड काढलं. खरंच शिकवायला कुणी नाही, पण माप तरी घ्यावं म्हणून आरोहीला समोर उभी केली. खांद्याला टेप लावला, छाती घेतली, गुडघ्यापर्यंत उंची घेतली. वाटलं टेप चुकतोय, म्हणून पुन्हा घेतली. तुमचं मागच्या वर्षीचं माप कधीच मागं पडलंय. पोर केवढी वाढली आहे. रोज तिची वेणी घालत होते मी, रोज पाठीमागं उभी होते, आणि ती माझ्या हाताखालून एवढी वर गेली.

कापड कमी पडतंय. त्याच पिवळ्यातलं मिळालं तर बघा, नाहीतर दुसरं कुठलंही चालेल. पण येताना घेऊन या, आणि मीटरभर जास्तच आणा. ती अजून वाढणार आहे.

वाट बघते. तांब्या भरून ठेवते.

आपली,
सोनल